दोन मार्ग, एकच घाट: फायबर जाळ्यात खरा पर्यायी मार्ग कसा आखायचा, आणि केबल तुटल्यावर कशाला आधी हात घालायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुख्य डेटा सेंटर नवी मुंबईत, दुसरं पुण्यात. दोन वेगळ्या कंपन्यांकडून दोन डीडब्ल्यूडीएम मार्ग (एकाच फायबरमधून अनेक रंगांचा प्रकाश पाठवणारे) घेतले. दोघांनीही ‘मार्ग स्वतंत्र’ असं कागदावर लिहून दिलं, आणि जुलैच्या पावसात दोन्ही एकाच मिनिटाला बंद पडले. आता मार्ग नव्याने आखायचे आहेत आणि पुढच्या कटच्या वेळी काय क्रमाने करायचं तेही ठरवायचं आहे.

दोन्ही एकाच मिनिटाला गेले, यातच अर्धं उत्तर आहे. खरोखर स्वतंत्र असलेल्या दोन केबल एकाच मिनिटाला तुटत नाहीत. कुठेतरी त्या एकाच चरात, एकाच पुलाच्या कठड्याला किंवा एकाच इमारतीच्या एकाच दारातून जात होत्या. मुंबई-पुणे म्हणजे या दुखण्याचा नमुनाच. जुना महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि रेल्वे, तिन्ही बोरघाटातून वर चढतात, आणि घाटातल्या काही टप्प्यात तर दोन्ही रस्ते एकच होतात. एक कंपनी म्हणते ‘आम्ही जुन्या रस्त्याने’, दुसरी म्हणते ‘आम्ही एक्स्प्रेसवेने’. दोघीही खरं बोलतात, पण दरड एकच कोसळते. त्यात कंपन्या एकमेकींचे फायबर भाड्याने किंवा अदलाबदलीने वापरतात, त्यामुळे दोन बिलं येतात आणि माती उकरली की केबल एकच निघते.

या सामायिक धोक्याला आमच्या धंद्यात एसआरएलजी म्हणतात, शेअर्ड रिस्क लिंक ग्रुप. नकाशावर दोन वेगळ्या रेषा, पण एका घटनेत दोन्ही जातात, असे दुवे एका गटात टाकायचे. 18 जुलै 2001 रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडीला आग लागली आणि बोगद्यातून जाणारे अनेक कंपन्यांचे फायबर एकदम गेले. 30 जानेवारी 2008 ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतातल्या इंटरनेटलाही झळ बसली. आपल्याकडे 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. अशा पुलाला बांधलेल्या पाइपात किती कंपन्यांच्या केबल आहेत, हा प्रश्न पूल उभा असतानाच विचारायचा असतो.

हा सामायिक तुकडा किती महागात पडतो, ते आकड्यांत बघा. हिशेबासाठी धरू की दर 100 किलोमीटरला वर्षाला एक कट होतो आणि जोडायला सरासरी 6 तास लागतात. तुमचे आकडे तुमच्या तिकिटांवरून, म्हणजे बिघाडाच्या नोंदींवरून घाला, पद्धत तीच राहील.

घाटातून जाणारे दोन मार्ग, 140 आणि 150 किलोमीटरचे. पहिला वर्षाला 1.4 × 6 = 8.4 तास बंद, दुसरा 9 तास. ते पूर्ण स्वतंत्र असते, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास आला असता. पण त्यांचे 8 किलोमीटर एकाच चरात आहेत असं समजा. त्या तुकड्याचे कट 0.08 आणि वेळ 0.48 तास, म्हणजे वर्षाला सरासरी जवळपास 29 मिनिटं. प्रत्यक्षात ती दर साडेबारा वर्षांनी एकदा, सलग 6 तास अशी येतात. दरड असेल तर 6 तासांवर भागत नाही, कारण रस्ता मोकळा होईपर्यंत जोडणारी टोळी खालीच थांबते.

आता दुसरा मार्ग कसारा घाटातून नाशिक, संगमनेर, नारायणगाव करत पुण्याला आणा. तो भरतो साधारण 380 किलोमीटर. एकट्याचा विचार केला तर हा मार्ग वाईट, वर्षाला 22.8 तास बंद. पण 140 च्या मार्गाशी जोडी लावली की दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षाला 1.3 मिनिटं. अडीचपट लांब आणि अडीचपट वेळा तुटणारा मार्ग घेऊनही जोडी वीसपटीहून अधिक चांगली झाली. खरेदी विभागाला लांब मार्गाचं भाडं का मोजायचं हे पटवायचं असेल, तर एवढं एक गणित कागदावर मांडा. माळशेज, ताम्हिणी किंवा वरंधा घाटातून कोणाचा फायबर मिळत असेल तर लांबी बरीच कमी होईल. मात्र हे घाट पावसाळ्यात स्वतःच नाजूक असतात, आणि एकाच अतिवृष्टीत दोन घाट बंद पडू शकतात. 22 जुलै 2021 च्या आसपास चिपळूण, महाड आणि आंबेनळी घाट एकाच पावसात अडकले होते. म्हणून शेजारचा घाट हा पर्याय असला, तरी लांबचा घाट जास्त भरवशाचा.

ऑपरेटरकडून काय मागायचं? ‘मार्ग वेगळा आहे’ हे वाक्य अजिबात नको. पूर्ण मार्गाची केएमझेड (नकाशाची) फाइल, प्रत्येक जॉइंट क्लोजर (जोड झाकणारी पेटी) आणि चेंबरची जागा, केबल कोणाच्या मालकीची, डक्ट (केबलचा पाइप) कोणाची, आणि प्रत्येक पूल, बोगदा, रेल्वे क्रॉसिंगवर केबल कुठल्या बाजूने जाते, एवढं मागा. दोन्ही कंपन्यांच्या फाइल एकावर एक ठेवा आणि जिथे अंतर 50 मीटरच्या आत येतं ती प्रत्येक जागा लाल करा. घाटात आणि पुलावर ही मर्यादा 500 मीटर धरा. मग लाल जागा प्रत्यक्ष जाऊन बघा. नेहमीच्या मातीत डक्ट 1.65 मीटर खोल असावी लागते. घाटातल्या कातळात ती खोली मिळत नाही, म्हणून तिथे लोखंडी पाइप आणि काँक्रीटचं आवरण हवं. ते जिथे नाही तिथे रस्ता रुंदीकरणाचा पहिला जेसीबी तुमच्याच केबलवर. करारात एक अट घाला: मार्ग बदलल्यास 30 दिवस आधी कळवायचं आणि नवी फाइल द्यायची. सुरुवातीला वेगळे असलेले मार्ग दोन-तीन वर्षांत गुपचूप एकत्र येतात, कारण एखाद्या कटनंतर दुरुस्तीवाल्यांनी केबल ‘तात्पुरती’ दुसऱ्या डक्टमध्ये ओढलेली असते.

शेवटचे 200 मीटर विसरू नका. इमारतीत दोन बाजूंनी दोन प्रवेश, दोन वेगळे शाफ्ट, दोन वेगळ्या रॅक, आणि दोन रेक्टिफायरवरून उणे 48 व्होल्टची दोन फीड. 380 किलोमीटरचा वळसा घेऊन दोन्ही केबल गेटजवळच्या एकाच चेंबरमध्ये आल्या, तर त्या वळशाचा उपयोग शून्य.

मार्ग शोधण्याच्या गणितात एक सापळा आहे. बहुतेकांच्या एक्सेलमध्ये असं असतं: सर्वांत जवळचा मार्ग काढा, त्याचे दुवे पुसा, उरलेल्यातून दुसरा काढा. समजा दुवे असे आहेत: अ-क 100 किलोमीटर, क-ख 50, ख-ड 100, अ-ख 200, क-ड 200. अ ते ड जवळचा मार्ग अ-क-ख-ड, 250. हे तीन दुवे पुसले की उरतात फक्त अ-ख आणि क-ड, आणि दुसरा मार्ग मिळतच नाही. पत्रक म्हणतं ‘पर्याय नाही’, आणि कंपनी नवी केबल टाकायला निघते. खरं तर अ-क-ड आणि अ-ख-ड ही 300-300 ची जोडी डोळ्यांसमोर आहे. सुरबाले यांची 1974 ची पद्धत आणि भंडारी यांनी तिला दिलेलं सोपं रूप हेच पकडतं: पहिल्या मार्गाचे दुवे पुसायचे नाहीत, फक्त उलट दिशेने आणि उणे लांबीने ठेवायचे. दुसऱ्या फेरीत मार्ग निघतो अ-ख-क-ड, 200 − 50 + 200 = 350. दोन्ही मार्गांत उलटसुलट आलेला क-ख काटला जातो आणि 600 ची जोडी हातात येते.

एसआरएलजी आले की हे सुंदर गणित पुरत नाही. गट टाळून जोडी शोधणं हा एनपी-कम्प्लीट प्रश्न आहे, म्हणजे जाळं वाढलं की अचूक उत्तराला लागणारा वेळ हाताबाहेर जातो. पण आपल्या जाळ्यात काही डझनच नोड असतात. प्रत्येक टोकाच्या जोडीसाठी 15-20 उमेदवार मार्ग काढायचे, सगळ्या जोड्या तपासायच्या आणि सामायिक गटाला जबर दंड लावायचा. पूर्ण वेगळी जोडी नसेलच, तर कमीत कमी सामायिक लांबीची जोडी घ्या आणि तो तुकडा नाव देऊन नोंदवा: तिथे आठवड्याला गस्त, तिथे काँक्रीट.

मार्ग सापडला तरी प्रकाश तिथवर पोचतो का, हे वेगळं बघावं लागतं. 380 किलोमीटरमध्ये 76 किलोमीटरचे 5 टप्पे धरा. जोड आणि कनेक्टर धरून दर किलोमीटरला 0.25 डीबी (डेसिबल) तोटा, म्हणजे टप्प्याला 19 डीबी. ॲम्प्लिफायरचा नॉइज फिगर (तो स्वतः घालतो तो गोंगाट) 5.5 आणि चॅनेलला 0 डीबीएम पॉवर दिली तर ओएसएनआर, म्हणजे संदेशाचं गोंगाटाशी प्रमाण = 58 − 19 − 5.5 − 7, म्हणजे 26.5 डीबी (58 हा स्थिरांक, 7 हे 5 टप्प्यांचे). 100 जी क्यूपीएसकेला (100 गिगाबिटचा संदेशप्रकार) हे भरपूर आहे. 400 झेडआरला (400 गिगाबिटचं, कमी पल्ल्याचं प्लगेबल, म्हणजे खोचायचं मॉड्यूल) मात्र 26 डीबी लागतात, म्हणजे आज जेमतेम चालेल आणि दोन-तीन कट जोडले की बंद पडेल. तेही ओएसएनआरपुरतं. झेडआर 2,400 पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर एवढंच डिस्पर्शन (प्रकाशाच्या पल्सचं पसरणं) सहन करतो, इथे 380 × 17 म्हणजे 6,460 जमतं. जवळच्या मार्गावर झेडआरचे प्लगेबल टाकून लांबच्या मार्गावरही तेच चालतील असं धरणारी आखणी बऱ्याचदा दिसते. लांब बाजूला वेगळे, लांब पल्ल्याचे प्लगेबल घ्या किंवा वेग उतरवा.

लॅग म्हणाल तर दर किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद. 240 किलोमीटर जास्त, म्हणजे जाऊन येऊन 2.4 मिलिसेकंद जास्त. डेटाबेसचं सिंक्रोनस रेप्लिकेशन (दोन्ही ठिकाणी एकदम नोंद) हे सोसेल का, ते स्टोरेजवाल्यांना आधीच विचारा. स्विचिंग दोन्ही दिशांना एकदम होणारं ठेवा. एकच दिशा लांब मार्गावर गेली, तर जाण्या-येण्यात 1.2 मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि पीटीपीचं (जाळ्यावरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीचं) घड्याळ त्याच्या निम्म्याने, म्हणजे 600 मायक्रोसेकंदांनी चुकतं. 5जी किंवा वीजवाहिनीचं डिफरन्शियल संरक्षण (दोन टोकांचा विजेचा प्रवाह ताडून बघणारं) त्याच दुव्यावर असेल, तर हे क्षम्य नाही.

आता प्रोटेक्शन, म्हणजे कट झाल्यावर आपोआप दुसऱ्या मार्गावर जाणं, कुठल्या थरात? तीन पर्याय खरे.

ओएलपी, म्हणजे पूर्ण फायबरलाच दुहेरी करणारी पेटी. स्वस्त आहे. एका बाजूला स्प्लिटर, दुसऱ्या बाजूला स्विच, आणि दोन्ही मिळून सुमारे 5 डीबी जातात. ती प्रकाशाच्या पातळीवर निर्णय घेते, आणि इथेच फसगत होते. मधल्या टप्प्यात कट झाला तरी पुढचे ॲम्प्लिफायर स्वतःचा गोंगाट पाठवत राहतात, पेटीला वाटतं प्रकाश येतोय, आणि ती हलत नाही. उंबरठा गोंगाटाच्या वर आणि नेहमीच्या पातळीच्या 3 ते 5 डीबी खाली ठेवा, किंवा ओएलपी टप्प्यागणिक प्री-ॲम्पच्या आधी लावा. दुसरी गोष्ट: दोन मार्गांची लांबी खूप वेगळी असेल, तर कोहेरेंट रिसीव्हरला नवं डिस्पर्शन शोधायला वेळ लागतो, काही मिलिसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंत. म्हणून 140 आणि 380 च्या जोडीवर ओएलपी लावून 50 मिलिसेकंदांचं आश्वासन कोणालाही देऊ नका.

तुमच्यासाठी योग्य उत्तर ओडीयू (प्रकाशातल्या डिजिटल चौकटीच्या) पातळीवरचं 1+1, म्हणजे तोच डेटा दोन्ही मार्गांवर एकदम, दोन्हींवर स्वतंत्र लाइन कार्ड. महाग, पण दुसरा रिसीव्हर आधीच जुळून बसलेला असतो आणि 50 मिलिसेकंद खरे मिळतात. त्याच्यावर तिसरा पर्याय, जीएमपीएलएसचं रिस्टोरेशन (सॉफ्टवेअरने नवा मार्ग शोधून लावणं), जोडता आला तर जोडा. दोन्ही मार्ग गेल्यावर तिसरा शोधायला तेच कामी येतं. त्याला दहा-वीस सेकंदांपासून काही मिनिटं लागतात, कारण नव्या मार्गावर चॅनेलच्या पातळ्या हळूहळू चढवाव्या लागतात. एकदम चढवल्या तर तिथे आधीच चालू असलेल्या चॅनेलना धक्का बसतो. आणि रोॲडम (चॅनेल हव्या त्या दिशेला वळवणारा प्रकाशाचा स्विच) डायरेक्शनलेस नसेल, तर ट्रान्सपाँडर (एका चॅनेलचा प्रकाश पाठवणारं-घेणारं कार्ड) एकाच दिशेला खिळलेला असतो; सॉफ्टवेअर कितीही हुशार असलं तरी फिरवणार काय? खरेदीच्या वेळी हे तपासा, नंतर कार्ड टाकून सुधारत नाही.

टायमर एकमेकांवर कुरघोडी करणार नाहीत असे लावा. खालचा थर 50 मिलिसेकंदांत सावरणार असेल, तर राउटरवर बीएफडी (दुवा जिवंत आहे का ते सतत विचारणारा प्रोटोकॉल) 10 मिलिसेकंद × 3 वेळा ठेवू नका. तो 30 मिलिसेकंदांतच मार्ग पाडतो आणि मग दोन्ही थर एकदम हलतात. 50 × 3 ठेवा. वेट-टू-रिस्टोर (मूळ मार्गावर परतण्यापूर्वी थांबायचा वेळ) 5 ते 12 मिनिटांत असतो; लांब मार्गाच्या जोडीला 12 ठेवा किंवा परतणं हातानेच करा. अर्धवट जोडलेला फायबर थरथरत असतो, आणि आपोआप परतणारी यंत्रणा त्याच्यामागे दर पाच मिनिटांनी फेऱ्या मारते.

कट झाल्यावर पहिली पाच मिनिटं रस्त्यावर माणूस पाठवण्यात घालवू नका, अलार्म वाचा. सगळे लॅम्डा (प्रकाशाचे रंग, म्हणजेच चॅनेल) गेले आणि 1510 नॅनोमीटरचा सुपरवायझरी (यंत्रांच्या देखरेखीचा) चॅनेलही गेला, दोन्ही दिशांना: केबल तुटली. सुपरवायझरी जिवंत आणि लॅम्डा मेलेले: ॲम्प्लिफायर, कारण सुपरवायझरी त्याच्या बाजूने वळसा घालून जातो. एकच लॅम्डा गेला: ट्रान्सपाँडर किंवा त्याची पॅचकॉर्ड (छोटी जोडकेबल). एकच दिशा गेली: केबल तुटलेली नसते, पॅचकॉर्ड नाही तर क्लोजरमध्ये वाकलेला फायबर शोधा. पातळी हळूहळू 2-4 डीबी उतरत असेल, तर 1550 आणि 1625 नॅनोमीटरवर ओटीडीआर (फायबरमध्ये पल्स सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून अंतर आणि तोटा मोजणारं यंत्र) मारून तुलना करा; 1625 वर तोटा जास्त दिसला तर वाक आहे.

कट असेल तर ओटीडीआर दोन्ही टोकांनी मारा. आधी समोरच्या टोकाचा लेसर बंद असल्याची पॉवर मीटरने खात्री करा. रामन पंप (फायबरमध्येच प्रकाश वाढवणारा जोरदार लेसर) असेल तर तो बंद केल्याशिवाय कनेक्टरला हात नको, ती पॉवर डोळा आणि कनेक्टर दोन्ही जाळते. 80 किलोमीटरसाठी 1 मायक्रोसेकंदाची पल्स घ्या, म्हणजे सुमारे 100 मीटरचा धूसरपणा. जागा सापडली की पल्स कमी करा. पुढे 1 किलोमीटरची लाँच केबल (यंत्र आणि फायबर यांच्या मधली जादा केबल) लावा. दोन्ही टोकांच्या लांब्यांची बेरीज मूळ लांबीशी जुळली तर एकच कट. खूप कमी भरली तर दोन जागी तुटली आहे, दोन टोळ्या हव्यात. यंत्रातला अपवर्तनांक केबलच्या नोंदीशी जुळवा: 1.4682 ऐवजी 1.4700 असला तर 60 किलोमीटरला सुमारे 74 मीटर चूक, आणि घाटात 74 मीटर म्हणजे दुसरं वळण. शिवाय फायबरची लांबी ही रस्त्याची लांबी नव्हे. प्रत्येक चेंबरमध्ये 10-20 मीटरची गुंडाळी असते. म्हणून टोकापासून मोजू नका, ट्रेसवर (ओटीडीआरच्या आलेखावर) दिसणाऱ्या जवळच्या ज्ञात जोडापासून मोजा.

जागेवर 24 फायबरच्या केबलला मधला तुकडा टाकायचा, तर दोन क्लोजर आणि 48 जोड. साफसफाई, कापणं, स्लीव्ह तापवणं धरून जोडाला 4 मिनिटं, म्हणजे एका यंत्रावर सव्वातीन तास. दोन्ही टोकांना दोन यंत्रं ठेवली तर निम्मे. फायबरच्या रंगांच्या क्रमाने, निळ्यापासून, जोडत बसू नका. चालू फायबर कोणते त्याची यादी नियंत्रण कक्षाकडून आधी घ्या आणि तेच आधी जोडा. प्रत्येक जोड 0.1 डीबीच्या आत, आणि तो दोन्ही बाजूंच्या मापांच्या सरासरीवर ठरवा. एका बाजूने कधी कधी जोडात ‘फायदा’ दिसतो, तो आभास असतो. प्रत्येक दुरुस्ती 0.1 ते 0.2 डीबी खाते. मूळ आखणीतला 3 डीबीचा राखीव साठा असा कट-कट करत संपतो, आणि एक दिवस कट नसतानाही एरर यायला लागतात.

जोडकाम सुरू होण्यापूर्वी वाहतूक फोर्स्ड स्विचने (सक्तीने मार्ग ठरवणाऱ्या आज्ञेने) चांगल्या मार्गावर बांधा, म्हणजे अर्धवट जोडावर ती परत उडी मारणार नाही. लॉकआउट ही आज्ञा याच्या उलट आहे: तिने वाहतूक मूळ, म्हणजे तुटलेल्या मार्गावर ओढली जाते. रात्री तीनला दमलेल्या माणसाकडून हीच गल्लत होते, म्हणून आज्ञेचं पूर्ण नाव ड्यूटीच्या कागदावर छापून ठेवा. जोडकाम झाल्यावर ट्रेस साठवा, नवी लांबी आणि नवे दोन क्लोजर केएमझेडमध्ये चढवा, 24 तास एरर मोजा, मग कमी रहदारीच्या वेळी परत आणा. तिकीट बंद करण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या स्क्रीनवर फोर्स्ड स्विच क्लिअर केलेला दिसतोय का ते वाचून नोंदवा. तो तसाच राहिला तर पुढच्या कटला प्रोटेक्शन हलणार नाही, आणि अलार्मही फक्त मायनर दाखवत बसेल.